‘ब्रेक लूज लागतोय’ म्हणजे नेमके काय?

नाशिकहून मुंबईकडे जाताना इगतपुरी मागे पडली की मुंबई-आग्रा महामार्ग कसारा घाटात उतरतो. इथल्या रेल्वेमार्गाचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे, म्हणून वर येणाऱ्या गाड्यांना मागून जादा इंजिने लावावी लागतात. रस्त्याने उतरणाऱ्या मोटारीला मात्र मागून धरणारे कोणी नसते. अशा उतारावर वीस-पंचवीस वर्षांच्या मारुती ८०० चे किंवा झेनचे पेडल एकाएकी पायाखाली मऊ पडते, चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येतो आणि दुसऱ्या दिवशी नाशिकच्या गॅरेजात तक्रार एका वाक्यात उरकते : “ब्रेक लूज लागतोय, जरा ऑइल टाका.”

या एवढ्याशा वाक्यात निदान तीन गैरसमज आहेत.

पहिला ‘ऑइल’ या शब्दाचा. ब्रेक ऑइल हे ऑइल नाहीच. बहुतेक गाड्यांत वापरतात तो द्रव ग्लायकोल ईथर या रसायनांपासून बनतो. तो पाण्यात विरघळतो, गाडीच्या रंगावर सांडला तर रंग खातो आणि ब्रेकमधल्या रबराला मात्र धक्का लावत नाही. इंजिन ऑइलचे नेमके उलट. नावाला भुलून कोणी ते ब्रेकच्या डब्यात ओतले, तर पेडलचा जोर द्रवावर देणाऱ्या मास्टर सिलिंडरमधले रबरी कप फुगून निकामी होतात. मग डबा धुऊन भागत नाही. कप, सील, होज असे जिथे जिथे रबर आहे ते सगळे बदलावे लागते. बिनलेबलच्या बाटलीत काय आहे याचा संशय असेल, तर पेलाभर पाण्यात एक थेंब सोडावा. ब्रेकचा द्रव मिसळून जातो, इंजिन ऑइल वर तरंगते. संशयाची बाटली तशीही वापरायची नसतेच, पण ही परीक्षा पाहिली की नावाचा घोटाळा डोळ्यांना दिसतो.

दुसरा गैरसमज ‘टाका’मध्ये. ब्रेकचा द्रव इंजिन ऑइलसारखा जळून कमी होत नाही. पातळी खाली गेली असेल तर कारणे दोनच. एक निरुपद्रवी : पुढच्या डिस्कचे पॅड झिजले, कॅलिपरचे पिस्टन तेवढे बाहेर आले आणि त्यांच्या मागची जागा द्रवाने भरली. दुसरे गळती. ती कधी मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला ओला डाग म्हणून दिसते, कधी ड्रम उघडल्यावर व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली सापडते. पायाचा जोर वाढवणारा बूस्टर असलेल्या गाडीत मास्टर सिलिंडरचे मागचे सील गेले, तर द्रव थेट बूस्टरच्या पोटात उतरतो. खाली फरशीवर थेंब नाही, डबा मात्र महिन्याला रिकामा! दर महिन्याला थोडे टाकत राहणारा मालक फक्त गळतीला खुराक देत असतो.

तिसरा आणि सगळ्यांत महागात पडणारा घोटाळा ‘लूज’ या शब्दात आहे. एकाच शब्दाखाली तीन वेगवेगळी दुखणी खपतात. ती ओळखायला पाना लागत नाही, पाय पुरतो.

पेडल दाबल्यावर खाली स्पंज ठेवल्यासारखे दबते आणि दोन-तीनदा भराभर मारले की वर येते, पण तळाशी लवचीकपणा उरतोच. ही नळीतली हवा. द्रव दाबला जात नाही, हवा दाबली जाते. पायाचा जोर चाकापर्यंत जाण्याआधी बुडबुडा चेपण्यात खर्च होतो. जुने रबरी होज फुगत असतील तरीही असेच वाटते. एकाने पेडल दाबावे आणि दुसऱ्याने होज मुठीत धरावा, फुगवटा हाताला कळतो.

दुसरे दुखणे दिसायला तसेच, पण स्वभावाने वेगळे. पहिल्या दाबाला पेडल खोल जाते, लगेच दुसऱ्यांदा दाबले की वर आणि टणक लागते. स्पंजपणा अजिबात नाही. इथे हवा नसून मागच्या ड्रममधले शू ड्रमपासून लांब गेलेले असतात. त्यांना आपोआप जवळ आणणारी यंत्रणा जुन्या गाडीत धूळ आणि गंजाने जाम होते. हँडब्रेक पूर्वीपेक्षा चार दात जास्त ओढावा लागत असेल तर साक्ष पटली. चारही चाकांना ड्रम असलेल्या प्रीमियर पद्मिनीच्या काळात ‘ब्रेक चढवणे’, म्हणजे शू पुन्हा ड्रमजवळ आणणे, हे ठरलेले काम होते. पुढे डिस्क आल्या आणि मागचे ड्रम लोकांच्या डोक्यातून गेले. म्हणूनच ‘पेडल खाली जाते, पुढचे पॅड बदला’ हा सल्ला बहुधा वाया जातो. पॅड झिजले तरी पिस्टन पुढे सरकून अंतर भरून काढतो, पेडलची उंची फारशी बदलत नाही.

तिसरे दुखणे सिग्नलला कळते. नाशिकच्या मुंबई नाक्याला गाडी उभी आहे, पाय एकसारखा ब्रेकवर, आणि पेडल सावकाश, जणू लोण्यात, खाली चालले आहे. बाहेर कुठे गळती सापडत नसेल, तर मास्टर सिलिंडरच्या आतले कप दाब धरत नाहीत. द्रव त्यांच्या कडेने मागे सरकतो. पंपिंग करून ही गाडी रेटणे म्हणजे शुद्ध जुगार. ती तिथूनच टो करून न्यावी.

एक गोष्ट मात्र दुखणे नाही. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा मारून दाबून धरावे आणि इंजिन सुरू करावे; पेडल किंचित खाली जाते. पुष्कळ जण याला घाबरतात. हा बूस्टर ठीक असल्याचा पुरावा आहे. बिघडलेल्या बूस्टरमुळे पेडल मऊ पडत नाही, उलट दगडासारखे होते.

आता गॅरेजातला रामबाण : ‘एअर काढून घ्या’. हवा असेल तर एअर काढायलाच हवी, पण बंद नळीत हवा शिरली कशी, हा प्रश्न विचारला नाही तर महिनाभरात तीच गाडी पुन्हा दारात. शिवाय पद्धतीतही गोम आहे. एक पोरगा आत बसून पेडल पार तळापर्यंत मारतो, दुसरा चाकापाशी हवा सोडायचे निपल उघडतो. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचे कप ठरावीक पट्ट्यातच मागेपुढे होतात. त्यापुढचा भाग वर्षानुवर्षे गंज आणि गाळ धरून बसलेला असतो. पेडल तळाला गेले की कपाची धार त्या गंजावरून घासते. हवा निघते, मास्टर सिलिंडर जातो. जाणता मेकॅनिक पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. तो डबा मधेच रिकामा होऊ देत नाही, आणि कोणत्या चाकापासून सुरुवात करायची हे सवयीने न ठरवता गाडीच्या पुस्तिकेत पाहतो.

आणि घाटात मऊ पडलेले पेडल घरी आल्यावर ठणठणीत कसे होते? चार माणसे बसलेली मारुती ८०० साधारण सव्वानऊशे किलो भरते. ती ३०० मीटर खाली उतरताना जेवढी ऊर्जा सोडते, तेवढ्यात आठ लिटर गार पाणी उकळीला येईल. सगळा उतार ब्रेकवर काढला तर यातली बरीचशी उष्णता डिस्क आणि ड्रममध्ये जाते. ताज्या डॉट ३ दर्जाच्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. पण हा द्रव हवेतली ओल शोषतो, डब्याच्या झाकणातून आणि चक्क रबरी होजमधूनही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हीच किमान मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची २३० वरून १५५ वर. कॅलिपरपाशी द्रव उकळला की वाफेचे बुडबुडे होतात, आणि वाफही हवेसारखीच चेपते. गार झाले की वाफेचा पुन्हा द्रव होतो. गॅरेजात तपासायला काही उरत नाही, म्हणून गाडी ‘ओके’ ठरते. पेडल टणक असून गाडी थांबत नाही, ते प्रकरण वेगळे. तिथे तापलेल्या लायनरची पकड गेलेली असते.

इंधन वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे या सगळ्यात भर घालतात. इंजिनच बंद केले तर दोन-तीन दाबांत बूस्टरचा साठाही संपतो. दुसरा गिअर फुकटात ब्रेक लावत असतो, तो सोडायचा कशाला?

इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात फिरणाऱ्या जुन्या गाडीचा द्रव दोन वर्षांनी पूर्ण बदलावा. वरून भर घालणे म्हणजे बदलणे नव्हे. डॉट ३ च्या जागी डॉट ४ चालतो. सिलिकॉनचा डॉट ५ मात्र, आकडा मोठा म्हणून, ओतू नये. तो या द्रवांत मिसळत नाही. फळीवर गेल्या पावसाळ्यापासून उघडी पडलेली अर्धी बाटलीही नको. काम झाल्यावर पहिली चाचणी सोसायटीच्या आवारात पहिल्या गिअरमध्ये, मग रिकाम्या सपाट रस्त्यावर. सप्तशृंग गडाचा नांदुरीचा घाट त्यानंतर.