पैसे मोजूनही परका चेहरा

जपानमध्ये कुणीतरी आपल्या खोलीत भुवई उंचावतं आणि पडद्यावर कोल्ह्याचे कान असलेल्या मुलीची भुवई त्याच क्षणी वर जाते. आयफोनचा पुढचा कॅमेरा डोळ्यांना न दिसणारे हजारो अवरक्त ठिपके चेहऱ्यावर टाकतो; ओठ, गाल, पापण्या, जबडा यांची हालचाल ५२ आकड्यांत उतरते आणि ते आकडे चित्राला हलवतात. हे झालं तंत्र. मला त्यामागचा हिशेब जास्त चक्रावून टाकतो.

२०१६ च्या अखेरीस किझुना आय हे आभासी पात्र यूट्यूबवर आलं आणि व्हीट्यूबर, म्हणजे अशा चित्राआडून बोलणारा यूट्यूबर, हा प्रकार गाजला. पुढे निजिसांजी आणि होलोलाइव्ह हे व्हीट्यूबरांचे गट चालवणाऱ्या कंपन्या थेट टोकियोच्या शेअर बाजारात पोचल्या. पण पाठीशी कंपनी नसलेल्या एकट्या व्हीट्यूबरला पहिला प्रेक्षक येण्याआधीच खिशात हात घालावा लागतो, तोही चेहऱ्यासाठी! चित्रकार केसांची बट, पापणी, ओठ वेगवेगळ्या थरांवर काढतो. केसांआड लपलेला कानसुद्धा काढावा लागतो, कारण मान वळली की तो दिसणार. मग दुसरा कारागीर लाइव्ह२डी या सॉफ्टवेअरमध्ये या थरांना हालचाल देतो. या मंडळींत चित्रकाराला त्या पात्राची ‘आई’ म्हणतात.

आणि आईचा हक्क सहजासहजी सुटत नाही. जपानी कायद्यात नुसते पैसे दिल्याने चित्राचा कॉपीराइट मिळत नाही. करार करून तो विकत घेतला, तरी चित्रात फेरफार करण्याचा हक्क करारात वेगळा नमूद केलेला नसेल, तर तो चित्रकाराकडेच राहिला असं धरतात. म्हणजे स्वतःच्याच चेहऱ्याची कीचेन विकायची, तर आधी करारनामा वाचायचा. (पिक्सिव्हच्या व्हीरॉइड स्टुडिओत त्रिमितीय पात्र फुकट बनतं, हा एक सुटकेचा मार्ग.)

कमाई कुठून? जाहिरातींचा हिशेब हजारांच्या पटीत चालतो; वीस प्रेक्षकांत त्यातून चहाही सुटत नाही. थेट प्रक्षेपण चालू असताना प्रेक्षक पैशांसह संदेश पाठवतात त्या सुपरचॅटमधून कुणी हजार येन दिले, तर यूट्यूबचा वाटा जाऊन साधारण सातशे उरतात. ही सोय मिळवायला ५०० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ३,००० तास पाहिलं जाणं, अशी एक वाट आहे. आकडा डोंगराएवढा वाटतो ना? पण वीस जण तीन तास बसले की एका बैठकीचे साठ तास होतात. अशा पन्नास बैठका, म्हणजे आठवड्याला जेमतेम एक. एका वर्गात मावतील एवढी माणसं, फक्त नेमाने यायला हवीत.

त्यातले मोजकेच पैसे देतात. त्यांच्यासाठी बूथ या ऑनलाइन बाजारात ॲक्रिलिकच्या उभ्या प्रतिमा असतात, पण त्या आधी छापून घेतल्या, तर न खपलेल्या घरात पडून राहतात. म्हणून मला सगळ्यात हुशारीचा माल वाटतो तो ध्वनिमुद्रित शुभेच्छांचा. छपाई नाही, साठा नाही, टपालखर्च नाही, आणि आवाज स्वतःचाच. त्याच्या जाहिरातीत चित्र टाकायचं असेल, तरच पुन्हा तो करारनामा उघडायचा.