अंगणात आलेली शाळा : ताराबाई मोडक

आम्ही वाटूरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. 'अंगणवाडी' हा शब्द आपल्या रोजच्या तोंडातला. पण त्यामागं कोण होतं, ते फार जणींना ठाऊक नसतं. म्हणून आज ताराबाई मोडकांची माहिती.

ताराबाईंचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. मुलीला शाळेत घालणं हेच नवल होतं, त्या काळात १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. संसार टिकला नाही, तेव्हा लहान लेकीला घेऊन त्यांनी नोकरी धरली. १९२३ साली त्या गुजरातेत भावनगरला गिजुभाई बधेकांच्या बालमंदिरात आल्या. लहान लेकरांना वाचायला तेव्हा फारसं काही नव्हतं. मग दोघांनी मिळून गुजरातीत छोट्या पुस्तकांची मालाच काढली. मराठीत ताराबाईंनी मुलांसाठी 'नदीची गोष्ट' लिहिली आणि आईबापांसाठी 'बालकांचा हट्ट'. मार नको आणि लालूचही नको, मूल समजून घ्या, हे त्यांचं सांगणं.

१९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढलं. पण खेड्यातल्या लेकरांचं काय? म्हणून १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या. सोबतीला अनुताई वाघ होत्या. तिथली वारली मुलं शाळेत येईनात. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं, कुणाला गुरं राखायची. तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी. गुरांमागं माळावर गेली, ती कुरणशाळा. महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, खडे, बिया आणि पानं आली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९७३ साली त्या वारल्या. दोनच वर्षांनी सरकारची बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली.

आता आपल्याकडचं बघू. कापूस वेचणीला जाताना आपण थोरल्या लेकीला धाकट्यापाशी ठेवतो आणि तिची शाळा बुडते. अंगणवाडी म्हणजे खिचडी, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण अंगणवाडीत धाकटं रमलं, तर थोरलीचं दप्तर खुंटीला राहत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीत हप्ते झाले की हा विषय घ्या. वेचणीच्या दिवसांत अंगणवाडी सुटल्यावर गल्लीतली लेकरं कुणाच्या अंगणात बसतील, त्याची पाळी ठरवा. चिंचोके मोजायला द्या, एक गोष्ट सांगा. त्याला पैसा लागत नाही. थोरली मात्र शाळेत गेली पाहिजे.