सिंदफणेच्या पात्रात दोन प्रश्न

शिरूर कासारला खेटून वाहणारी सिंदफणा एप्रिलात वाहत नाही. पात्रात वाळू, दोन-चार डबकी. शेळ्या बाभळीच्या सावलीत, पोरं मात्र उन्हात. पाडव्याच्या सुमारास ती आईबापांबरोबर ऊसतोडीहून परतलीत.

"काका, ती घार पंख का हालवीना?"

घार मघापासून गिरक्या घेतेय. पंख ताठ, तेवढी दुबेळकी शेपटी अधूनमधून तिरकी होते. मी शब्द जुळवतोय, तोवर पलीकडच्या नांगरटीतून वावटळ उठते. धूळ, पाचोळा, एक कॅरीबॅग, सगळं वर.

"ते बघ," मी म्हणतो. काळी माती तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर चढते. घार त्या चढत्या हवेतून बाहेर पडायला नको म्हणून गोल फिरते. तशी ती सारखी खालीच घसरत असते, पण हवा तिच्याहून जोरात वर जाते.

"म्हंजी फुकटात?"

"फुकटात. भल्या सकाळी बघ, तेव्हा पंख मारावेच लागतात."

हे पटतं. पण लगेच दुसरा प्रश्न: "घारी समद्या सारख्याच. माणसंच येगयेगळी कामून? मपल्या बहिणीचे डोळे घारे, आई-दादांचे काळे."

बहीण मान फिरवते. तिला हे रोजचंच असणार. मी सांगतो, आई-दादा दोघांच्याही जनुकांत घारेपणा झाकलेला असू शकतो. हिला तो दोन्हीकडून मिळाला. डोळ्यांच्या रंगात आणखीही जनुकांचा हात असतो, पण ते आज राहू दे. आणि माणसं वेगळी दिसतात तेवढी नसतातच. कोणतीही दोन घ्या, जनुकांच्या १,००० अक्षरांत सुमारे ९९९ जुळतात. कॅमेरूनमध्ये सनागा नावाची नदी आहे. तिच्या दोन काठांवरच्या चिंपांझींत जेवढं जनुकीय अंतर आहे, तेवढं दोन खंडांतल्या माणसांतही नाही. आपण सगळे आफ्रिकेतल्या लहानशा लोकसंख्येचे वंशज. फार वेगळं व्हायला वेळच मिळालेला नाही.

शेळ्यांमागचे आजोबा इतका वेळ गप्प होते. "मंग सोयरीक जमवताना एवढा पंचनामा कशापायी करत्यात?"

माझ्याजवळच्या विज्ञानात याचं उत्तर नाही. आजोबा तंबाखू मळत हसतात.

पोरगं अजून सनागेपाशीच आहे. "काका, त्या नदीला पाणी असतं?"

"असतं. बारा महिने."

"मंग बरंय त्येंचं."