घरांतील जमीन : आरोग्य आणि शांतता

घर बांधणाऱ्या किंवा विकत घेणाऱ्या मनुष्याचें लक्ष प्रथम भिंतींच्या रंगाकडे, खिडक्यांकडे आणि स्वयंपाकघराच्या ओट्याकडे जातें. जमिनीचा विचार बहुधा शेवटीं होतो, आणि तोही दुकानांतील झगझगीत दिव्यांखालीं, हातभर लादीकडे पाहून, पांच-दहा मिनिटांत उरकला जातो. वस्तुतः घराच्या इतर कोणत्याही भागापेक्षां जमिनीचा मनुष्यदेहाशीं संबंध अधिक. आपल्याकडे घरांत जोडे घालण्याची चाल नाहीं. लहान मूल जमिनीवर रांगतें आणि खालीं सांडलेला घास उचलून तोंडांत घालतें. वडील माणसें जेवणास नाहीं तरी पूजेस जमिनीवरच बसतात. उन्हाळ्यांत कित्येक घरांतील सर्वांची झोप जमिनीवरच होते. शिवाय चाळींत अथवा मजल्यांच्या इमारतींत राहणाऱ्याची जमीन ही त्याची एकट्याची नसते. वरच्याची जमीन तें खालच्याचें छत. सबब जमीन निवडतांना दोन प्रश्न एकदमच विचारले पाहिजेत : ही जमीन घरांतल्यांच्या प्रकृतीस मानवेल काय, आणि खालच्यांच्या झोपेस मानवेल काय?

आपल्या पूर्वजांची जमीन मातीची होती. माती धुमुसानें चोपून घट्ट करावयाची आणि तीवर शेणाचें सारवण घालावयाचें, ही रीत खेड्यापाड्यांतून अद्यापि सर्वस्वीं गेलेली नाहीं. या जमिनीचा एक गुण सहसा ध्यानांत येत नाहीं : ती नादहीन असते. तीवर तांब्या पडला तरी आवाज जागच्या जागीं विरतो. जुन्या वाड्यांच्या माडीवर तुळयांवर फळ्या घालून त्यांवर मातीचा जाड थर देत, त्याचा उपयोग थंडाव्याइतकाच शांततेसही होई. कारण जड व भुसभुशीत पदार्थ ध्वनि गिळून टाकतो. स्कॉटलंडमधील जुन्या घरांतून तुळयांच्या मधल्या पोकळींत राख भरीत असत, ती याच हेतूनें. परंतु मातीच्या जमिनीचे दोषही तितकेच स्पष्ट आहेत. ती ओल धरते, तिला भेगा पडतात, आणि अशा ओलसर भेगांतून वाळूमाशीसारखे कीटक वाढतात; बिहारांत काळा आजार पसरविणारी माशी ती हीच. तेव्हां मातीची शांतता हवी, पण तिची ओल नको, हा गृहस्थापुढील खरा प्रश्न आहे.

मातीच्या जागीं दगडी फरशी आली. कर्नाटकांतील कलबुर्गी जिल्ह्यांत शहाबाद म्हणून गांव आहे, तेथील करड्या दगडानें महाराष्ट्रांतील असंख्य घरांच्या पडव्या व स्वयंपाकघरें झांकलीं आहेत. राजस्थानांतील हिरवट कोटा फरशीही तशीच परिचित आहे. हे दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे. म्हणून लिंबाचा रस, व्हिनेगर किंवा संडास धुण्याचें ॲसिड त्यांवर सांडल्यास ते खाल्ले जाऊन कायमचे डाग पडतात. पुढें सिमेंटच्या रंगीत लाद्या व संगमरवराच्या कपच्या घातलेली मोझेक आली, आणि अलीकडे जिकडे तिकडे व्हिट्रिफाइड लादीचें राज्य आहे. ही लादी अतिशय कडक भाजलेली असून आपल्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी पाणी शोषते. आरोग्याच्या दृष्टीनें दगड व लादी यांस मोठा दोष देतां येत नाहीं. त्यांतून कसलाही दूषित वायु निघत नाहीं, कीटकांस थारा मिळत नाहीं, ओल्या फडक्यानें त्या स्वच्छ होतात. मात्र त्यांचे दोन अवगुण आहेत : ओल्या झाल्या कीं त्या निसरड्या होतात, आणि त्या आवाज करतात.

निसरडेपणाचा विचार हा चैनीचा नव्हे. म्हाताऱ्या माणसाच्या मांडीचें हाड एकदां मोडलें म्हणजे पुष्कळदां त्याचें स्वतंत्रपणें हिंडणें-फिरणें कायमचें संपतें. लादीच्या खोक्यावर ‘आर-९’ पासून ‘आर-१३’ पर्यंत जी खूण असते, ती जोडे घालून चालणाऱ्यासाठीं घेतलेल्या जर्मन परीक्षेची. आंकडा जितका मोठा तितकी घसरण कमी. अनवाणी आणि ओल्या पायांसाठीं ‘ए, बी, सी’ अशी निराळी श्रेणी आहे व तींत ‘सी’ ही सर्वांत सुरक्षित. आपल्या न्हाणीघरास दुसरीच श्रेणी अधिक लागू पडते. खूण नसल्यास दुकानांतच लादीवर पेलाभर पाणी ओतून, जोडे काढून, अनवाणी पायानें ती चाचपून पाहावी. यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

आवाजावर सोपा इलाज म्हणून कोणी भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा पसरतात. त्यानें पावलांचा आवाज खरोखरच फार कमी होतो. परंतु आपल्या दमट हवेंत हा सौदा महागांत पडण्याचा संभव असतो. माणसाच्या अंगावरून झडणारी त्वचेची भुकटी हें धुळींतील एका सूक्ष्म किड्याचें अन्न आहे. हा किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही क्वचितच असतो, आणि त्यास उष्ण व दमट हवा मानवते. घरांतील धुळीनें ज्यांस दम्याची बाधा होते, त्यांच्या बाधेचें मुख्य कारण या किड्यांत आहे, हें १९६४ सालीं हॉलंडमधील शास्त्रज्ञांनीं दाखवून दिलें. चिकटवलेला गालिचा धुतां येत नाहीं व उन्हांतही टाकतां येत नाहीं. उलट, आपली जुनी सुती सतरंजी आठवड्यास झटकतां येते, धुतां येते आणि उन्हांत वाळवितां येते. ज्या घरांत दमेकरी मनुष्य आहे तेथें सतरंजीच श्रेष्ठ होय.

लांकडाची म्हणून जी जमीन बाजारांत मिळते ती बहुतेक अखंड लांकडाची नसते. लांकडाचा भुसा किंवा पातळ पापुद्रे डिंकासारख्या रसायनानें जोडून तिच्या फळ्या केलेल्या असतात, आणि त्या रसायनांतून फॉर्माल्डिहाइड नांवाचा वायु दीर्घकाळ हळूहळू निघत राहतो. त्यानें डोळे व घसा चुरचुरतो. शिवाय कर्करोगाचें संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें २००४ सालीं त्याची गणना मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांत केली. अशी फळी घ्यावयाचीच असल्यास ‘ई-१’ किंवा त्याहून कमी वायु सोडणारी घ्यावी. पावसाळ्यांत कोंकणासारख्या प्रदेशांत या फळ्या पाण्यानें फुगतात, हेंही विसरूं नये.

प्लास्टिकच्या, म्हणजे विनाइलच्या पट्ट्या स्वस्त, मऊ व नीरव असतात. त्यांस मऊ करण्यासाठीं जीं रसायनें घालीत आले आहेत, त्यांतील कांहीं घरच्या धुळींत मिसळतात. स्वीडनमध्यें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, दमा व त्वचेचे विकार असलेल्या मुलांच्या खोल्यांतील धुळींत अशीं द्रव्यें अधिक आढळलीं. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचें कारण ठरत नाहीं हें खरें; तथापि रांगत्या मुलाच्या खोलींत तरी सावधगिरी बाळगलेली बरी. यापेक्षां जुनें लिनोलियम सोज्वळ. फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रजानें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काढलेला हा पदार्थ जवसाचें तेल, बुचाची व लांकडाची भुकटी यांपासून गोणपाटावर थापून तयार करतात.

बूच म्हणजे बाटलीचें बूच. आपल्याकडे सुगंधी पांढऱ्या फुलांच्या ज्या वृक्षास बुचाचें झाड म्हणतात तें निराळें. हें बूच पोर्तुगालांत विपुल असणाऱ्या एका जातीच्या ओक वृक्षाची साल होय. झाड न तोडतां दर नऊ वर्षांनीं साल काढतात. तिच्या असंख्य सूक्ष्म कप्प्यांत हवा कोंडलेली असते, म्हणून ती दाबली कीं दबते आणि सोडली कीं पूर्ववत् होते. हा गुण ध्यानांत ठेवावा. कारण शांततेचें सारें रहस्य त्यांतच आहे.

आवाज घरांतून दोन वाटांनीं जातो. बोलणें, गाणें, रेडिओ हे हवेच्या वाटेनें जातात. टांचेचा ठोका, खुर्चीची फरपट, बत्त्याचा घाव हे इमारतीच्या अंगांतून जातात. मेजाच्या एका टोंकास कान लावून दुसऱ्या टोंकास नखानें ओरखडा काढावा. हवेंतून ऐकूं न येणारा तो ओरखडा लांकडांतून केवढा मोठा येतो हें कोणासही अनुभवतां येईल. पहिल्या प्रकारचा आवाज वजनानें अडतो. पांच इंच जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचें वजन चौरस मीटरास तीनशें किलोहून अधिक भरतें, म्हणून वरच्यांचें साधें संभाषण खालीं सहसा पोंचत नाहीं. परंतु दुसऱ्या प्रकारच्या आवाजास केवळ वजनानें पुरेसा पायबंद बसत नाहीं. कठीण लादी व कठीण स्लॅब यांच्यामधून आघात जसाच्या तसा उतरतो. तो अडविण्यास मध्यें कांहीं तरी दबणारें पाहिजे. खलबत्त्याखालीं चौपदरी फडकें घालून कुटणारी गृहिणी हेंच शास्त्र आचरीत असते.

लादीखालीं किंवा फळीखालीं घातलेलें बुचाचें, रबराचें अथवा नमद्याचें अस्तर म्हणजे तें चौपदरी फडकेंच होय. तीन ते पांच मिलिमीटर जाडीचें अस्तरही पावलांच्या आवाजांत जाणवेल एवढा फरक पाडतें. मात्र जाड तें चांगलें असा समज धरूं नये. अस्तर फार मऊ असल्यास वरची लादी हलते, सांधे उकलतात व लादी तडकते. म्हणून ज्या जमिनीखालीं तें घालावयाचें, तिच्यासाठींच बनविलेलें घ्यावें.

या कामांत एक चूक वारंवार होते आणि तिनें सर्व खर्च पाण्यांत जातो. गवंडी मधोमध अस्तर पसरतो, परंतु कडेस लादी भिंतीला घट्ट भिडवितो व फटींत सिमेंट भरतो. मग आघात अस्तर टाळून भिंतींत शिरतो आणि भिंतींतून खालच्या घरांत उतरतो. अस्तर फाटून मधून चुन्याचा एखादा गोळा जरी स्लॅबला टेकला, तरी आवाजास तेवढा पूल पुरतो. म्हणून चारी कडांस मऊ पट्टी उभी लावून लादी भिंतीपासून अलग ठेवावी. ती फट वरून लवचीक पदार्थानें झांकावी. हें काम डोळ्यांसमोर करून घ्यावें. एकदां लादी बसली कीं आंतला दोष दिसत नाहीं, केवळ ऐकूं येतो. इमारतींतील ध्वनिनिवारणासाठीं १९६२ सालीं भारतीय मानक निघालें, व २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेंतही या विषयास स्थान आहे. परंतु घर घेतांना स्लॅब किती जाड व त्याखालीं-वर काय, हा प्रश्न विचारणारा क्वचितच भेटतो.

कोणतेंही अस्तर अंथरण्यापूर्वीं खालची ओल तपासली पाहिजे. हातभर लांबी-रुंदीचें प्लास्टिक जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीनें बंद कराव्या आणि दुसऱ्या दिवशीं उचलून पाहावें. खालीं घाम आलेला दिसला तर जमीन अद्यापि वाळलेली नाहीं, किंवा तळांतून ओल वर येत आहे, असें समजावें. अशा जमिनीवर अस्तर घालणें म्हणजे बुरशीस अंथरूण घालून देणें होय. जुन्या लादीवरच नवी बसविण्याचा विचार असेल तर वाढणारें वजनही मोजावें. एक सेंटिमीटर जाडीची लादी चौरस मीटरास वीस किलोहून अधिक भरते, आणि लांकडी तुळयांच्या जुन्या माडीस हें ओझें सोसेल कीं नाहीं हें जाणत्याकडून ठरवून घ्यावें.

जमीन बदलण्याचें सामर्थ्य सर्वांस नसतें. अंथरूण पाहूनच पाय पसरावे लागतात. परंतु खुर्च्या-पलंगांच्या पायांस नमद्याचे तुकडे, मिक्सर व कपडे धुण्याचें यंत्र यांखालीं रबराची चकती, खलबत्त्याखालीं घडी केलेलें गोणपाट आणि मुलांच्या खेळण्याच्या जागीं जाड सतरंजी, एवढ्यानें पुष्कळ भागतें. रात्रपाळी करून दिवसा झोंपणारा कामगार, परीक्षेचा विद्यार्थी, अंथरुणास खिळलेला रोगी यांपैकीं कोणी ना कोणी प्रत्येक जिन्याच्या खालीं राहत असतो. जिन्यांतील कित्येक वर्षांचे अबोले खुर्चीच्या चार पायांपासून सुरू झालेले असतात, आणि ते मिटविण्यास लागणारा नमदा एक वीतभरही नसतो.

शेवटीं एक गोष्ट लादी बसविणाऱ्या कारागिराची. दगड किंवा लादी कोरड्या यंत्रानें कापली म्हणजे जी पांढरी धूळ उडते, तींत गारेचे अतिसूक्ष्म कण असतात. ते फुप्फुसांत बसतात व सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग उत्पन्न करतात. पाणी सोडून कापल्यास ही धूळ बरीचशी बसते. तेव्हां घरमालकानें पाण्याची बादली पुढें करावी, कापण्याचें काम खोलीबाहेर उघड्यावर करवावें आणि कारागिराच्या नाकातोंडास योग्य मुखपट्टी आहे कीं नाहीं हें पाहावें. चिकटविण्याचीं रसायनें वापरलीं असतील तर वास जाईपर्यंत खिडक्या उघड्या ठेवून मुलांस त्या खोलींत निजवूं नये.

येणेंप्रमाणें पाहतां, ज्या जमिनीवर मूल निर्धास्तपणें रांगतें, म्हातारें माणूस न घसरतां चालतें, जी घालतांना कोणाचा श्वास कोंडला नाहीं आणि जिच्याखालचा शेजारी स्वस्थ झोंपतो, ती जमीन चांगली. तिची चकाकी कमी असली तरी कांहीं बिघडत नाहीं.