हाडात पू झाला, तर पाच दिवसांच्या गोळ्या का पुरत नाहीत?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

आपल्या भंडारा जिल्ह्यात रोवणीच्या दिवसांत अनवाणी पाय तासन्‌तास बांधीतल्या चिखलात असतात. जुनी शुगर असेल तर पाय बधिर होतात, काटा रुतलेला कळतच नाही. जखम खोल जाते आणि जंतू हाडापर्यंत पोचतात. अपघातात हाड मोडून बाहेर आलं, किंवा आत बसवलेल्या रॉडला जंतू चिकटले, तरी तेच. डॉक्टर याला ऑस्टिओमायलायटिस म्हणतात.

मग गोळ्यांनी लगेच बरं का होत नाही? औषध रक्तातून जातं. हाडाचा तुकडा मेला की तिथला रक्तपुरवठा बंद, मग औषध पोचणार कसं? शिवाय मेलेल्या हाडावर आणि रॉडवर जंतू चिकट थर करून लपतात. म्हणून असं मेलेलं हाड सर्जनला खरवडून काढावं लागतं. त्याच वेळी आतला नमुना कल्चरला जातो. त्यावरून जंतू कोणता आणि त्यावर औषध कोणतं, ते ठरतं. नुसता वरचा पू तपासला तर बऱ्याचदा फसगत होते.

त्यानंतर साधारण सहा आठवडे अँटिबायोटिक. सगळे दिवस सलाईनच हवं असं नाही बरं का! ब्रिटनमधला ओव्हिवा हा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात हाडा-सांध्यांच्या संसर्गाचे १,०५४ रुग्ण होते. पहिल्या आठवड्यातच गोळ्यांवर आणलेल्यांमध्ये वर्षभरात १३.२ टक्के जणांचा उपचार फसला, शिरेतून औषध घेणाऱ्यांमध्ये १४.६ टक्के. म्हणजे गोळ्या कमी पडल्या नाहीत. पण गोळी कोणती, हे डॉक्टरांनीच ठरवायचं.

आपल्याकडे सिकलसेलही आहे. त्यात हाडं दुखतातच, म्हणून ताप अंगावर काढला जातो. ताप आणि एकाच जागी दुखणं-सूज असेल तर थांबू नका. पहिले दहा-पंधरा दिवस एक्स-रे नॉर्मल येऊ शकतो, एमआरआयमध्ये लवकर दिसतं.

पू थांबला की घरचे म्हणतात, "बाबा, आता बंद करा गोळ्या." तसं करू नका. लपलेले जंतू काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही परत उठतात आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाऊ शकते.

घरात कुणाला शुगर आहे? आज रात्री मोबाईलचा टॉर्च लावून त्यांचे तळपाय बघा. भेटू पुढच्या भागात!