सर्व जाणणाऱ्याला शब्द कशाला?

‘देवाला सगळं ठाऊक असतं’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. अल्लाहच्या नावांपैकी एक नाव ‘अलीम’, म्हणजे सर्व जाणणारा. मग जो मनातलंही जाणतो, त्याला शब्दांची गरज काय? आणि ते शब्द कोणत्या भाषेतले असावेत? मराठीत कविता लिहिणारा मुसलमान म्हणून हा दुसरा प्रश्न मला अनेकदा विचारला गेला आहे.

एक साधं उदाहरण घेऊ. मी हर्सूलला राहतो. इथं मध्यवर्ती कारागृह आहे. ‘मी हर्सूलला चाललो’ असं मी म्हटलं, तर अर्थ होतो, घरी चाललो. कोर्टाच्या व्हरांड्यात कुणी म्हणालं, ‘त्याला हर्सूलला नेलं’, तर अर्थ होतो, तुरुंगात. आता समजा, बोलताना आम्हा दोघांच्याही डोळ्यांपुढे हर्सूलचा तलावच आला. मग तो वेगळा अर्थ राहतो कुठं?

लुडविग विटगेनस्टाईन या तत्त्वज्ञाचा ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १९५३ साली प्रसिद्ध झाला. त्यात तो सुचवतो, की आपण कुणाविषयी बोलतो आहोत, हे देवालाही नुसतं आपल्या मनात डोकावून दिसलं नसतं. ही देवाची थट्टा नव्हे. अर्थ म्हणजे डोक्यातलं चित्र नव्हे. तो माणसांच्या वापरात असतो. ‘हर्सूल’ समजायला कोर्टाचा हुकूम, पोलिसांची गाडी, बोलणाऱ्याचं घर, हे सारं ठाऊक हवं.

मग देवाचं ज्ञान तोकडं ठरतं का? उलट, ते अधिक विशाल ठरतं. जो सर्वज्ञ आहे, तो आपला बाजार, आपलं घर, आपली बोलीही जाणत असलाच पाहिजे. त्याला कोणती भाषा परकी असेल? संस्कृत देवाची, तर लोकभाषा का नाही, हा पैठणच्या एकनाथांचा रोखठोक सवाल होता. त्यांचं ‘एकनाथी भागवत’ १५७३ साली काशीत पूर्ण झालं, तेही मराठीत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीतच रचला. नमाज अरबीत होते. पण दुआ मी माझ्या भाषेत मागतो.

दुआ म्हणजे देवाला दिलेली बातमी नव्हे. मागता मागता आपल्याला नेमकं काय हवं आहे, ते आपल्यालाच उमगतं.

‘त्याच्या मनात काय आहे, ते मला ठाऊक आहे,’ असं आपण शेजाऱ्याविषयी बेधडक बोलतो. माणसाला तेवढं ज्ञान दिलेलं नाही. त्यानं विचारावं, ऐकून घ्यावं. भाषा त्यासाठीच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)