घोटा, गुडघा, कंबर

मेजरटेप म्हणते 200 सेंटीमीटर, मोबाइल म्हणतो 195.6. खालची फरशी ठणठणीत कोरडी, आणि पडद्यावर मात्र चार-साडेचार सेंटीमीटर पाणी चढलेलं. नायगाव पूर्वेच्या एका सोसायटीच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये स्टुलावर चढलेला मुलगा टेप पुन्हा लावतो. पुन्हा 200. "सर, सेन्सर गंडलाय." सर येत नाहीत. लांबूनच विचारतात, "आज गरम किती होतंय?"

मोबाइलशी बोलणारी, आजूबाजूचं काही मोजणारी उपकरणं स्वतःच्या हाताने बनवायची, अशी ही कार्यशाळा. डिप्लोमाची मुलं, जूचंद्रच्या दोन कॉलेजकन्यका, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आणि कोपऱ्यात मी. अशा कार्यशाळांचं हल्ली पीक आलंय. किट उघडायचं, छापील कागदाबरहुकूम वायरी खोचायच्या, दिवा लुकलुकला की टाळ्या, फोटो, प्रमाणपत्र. किट घरी जाऊन कपाटात पडतं. इथे किटच्या आधी काम दिलं होतं: पावसाळ्यात पार्किंगमध्ये पाणी चढू लागलं, की वरच्या मजल्यावरच्या माणसाला फोनवर कळलं पाहिजे.

नायगावात हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दक्षिणेला वसईची खाडी, आजूबाजूला मिठागरं आणि सखल जमीन. धो धो पाऊस आणि उधाणाची भरती एका वेळी आली, की पाण्याला उतरायला वाट राहत नाही. 2018च्या जुलैत नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढून लोकल थांबल्या, ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आहे.

आधी गावाची अडचण, मग यंत्र, ही वाट महाराष्ट्रात जुनी आहे. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला तो याच पायावर. एमआयटीच्या नील गेर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने 2002 मध्ये तिथे फॅब लॅब आली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या लॅबपैकी ती एक.

सकाळी सरांनी एकही वायर हातात दिली नाही. फोन टेबलावर ठेवा म्हणाले, आणि जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने बनवलेलं 'फायफॉक्स' हे मोफत अ‍ॅप उघडा. फोनच्या पोटात त्वरण मोजणारी सिलिकॉनची चिप असते. सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला कणभर भार किती सरकला, ते ती सांगते. फोन निपचित पडलेला, तरी आकडा 9.8च्या आसपास. "हलत नाहीये, मग हे कुठून आलं?" काकांनी विचारलं. टेबल फोनला खाली पडू देत नाही, तो आधाराचा रेटा चिपला जाणवतो, म्हणून. काकांनी फोन तळहातावरून उशीवर सोडून पाहिला. पडतानाच्या त्या क्षणी आलेख शून्याकडे कोसळला. मग बराच वेळ सगळ्यांचेच फोन उशीवर पडत होते.

दुपारी ब्रेडबोर्ड आले. पाणी मोजायला अल्ट्रासॉनिक सेन्सर: दोन डोळ्यांसारखी दोन गोल तोंडं, एकातून 40 किलोहर्ट्झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सुटतो, खाली आपटून परततो, दुसरं तोंड तो टिपतं. लागलेल्या वेळेवरून अंतर. त्याच्या जोडीला ईएसपी32 हा वाय-फायवाला बोर्ड. पहिली खोच इथेच. हा सेन्सर परतीचा इशारा पाच व्होल्टने देतो, बोर्डाच्या पिनेला सोसतात 3.3. म्हणून मध्ये दोन रेझिस्टर घालायचे: एक किलोओहमचा वाटेत, दोन किलोओहमचा जमिनीकडे. पाचाचे दोन-तृतीयांश पिनेवर येतात. पट्ट्यांचे रंग वाचून रेझिस्टर निवडायला वेळ लागतो, शेवटी सगळे मल्टिमीटरच लावतात.

फोन जोडताना वेगळाच घोळ. बोर्ड स्वतःचं वाय-फाय सोडतो, फोनने ते पकडायचं आणि ब्राउझरमध्ये 192.168.4.1 टाकायचं. पान उघडेना. कारण फोन आपल्यापेक्षा शहाणा: या वाय-फायवर इंटरनेट नाही असं दिसलं की गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो. "डेटा बंद करा रे सगळ्यांनी!" हे वाक्य हॉलमध्ये दिवसभर घुमत होतं. डेटा बंद केल्यावर आकडे आले, तेव्हा जो तो सेन्सरखाली हात धरून अंतर कमी-जास्त करत बसला.

आणि मग ते 195.6. प्रोग्राममध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरलेला होता, तो 20 अंशांच्या हवेचा. हॉलमधल्या थर्मामीटरवर 32. हवा अंशाने तापली की ध्वनीचा वेग सुमारे 0.6 मीटरने वाढतो, म्हणजे इथे तो 350च्या वर. आवाज लवकर परततो, प्रोग्रामला वाटतं जमीन वर आली. तोच सेन्सर डिसेंबरच्या पहाटे बरोबर सांगेल आणि मे महिन्यात कोरड्या पार्किंगमध्ये पूर आणेल. तापमानाचा एक छोटा सेन्सर जोडला, सूत्रात एक ओळ वाढवली, आणि आकडा 200च्या आगेमागे बसला. मला विचाराल तर सगळ्या कार्यशाळेची फी या एका तासात वसूल झाली. फोनच्या गुळगुळीत पडद्यावर दशांश चिन्हासकट आलेल्या आकड्यावर आपण फार चटकन विश्वास ठेवतो. इथे तो आकडा आठ आण्याच्या अक्कलहुशारीने टेपपुढे उभा केला गेला.

दुसऱ्या दिवशी कोडिंग नाहीच. कागदावर फोनचा पडदा काढायचा आणि तो बाहेरच्या माणसाला दाखवायचा. जूचंद्रच्या मुलीने छान आलेख काढला होता, निळ्या रंगाचा. वॉचमन काकांनी तो हातात घेतला, उलटसुलट पाहिला.

"हे 23 म्हणजे काय?"

"सेंटीमीटर, काका."

"ते मला काय करायचंय? गाड्या काढायला सांगायच्या की नाही, ते बोल."

ती काहीच बोलली नाही. कागद फाडला, नवा घेतला. त्यावर तीनच शब्द आले: घोटा, गुडघा, कंबर. घोट्याला फोन एकदा वाजणार, गुडघ्याला वाजतच राहणार. कंबरेला काय करायचं यावर वाद झाला. तोवर गाड्या गेलेल्याच असतात, असं वॉचमन काकांचं म्हणणं. कंबर काढून टाकली, तिच्या जागी 'मीटरचा मेन बंद करा' आलं.

राहिली वीज. पाणी चढतं तेव्हाच ती जाते, म्हणून बॅटरी हवी. बोर्डाची चिप गाढ झोपवली तर ती नाममात्र वीज खाते, पण बोर्डावरचा लाल दिवा आणि व्होल्टेजचा रेग्युलेटर जागेच राहतात. एकाने दिवाच उखडायला घेतला. शिवाय खाडीची खारी हवा. तांब्याचे उघडे सांधे पावसाळाभर टिकत नाहीत, म्हणून डबी सिलिकॉनने बंद करायची, आणि सेन्सर पाणी न शिरणारा घ्यायचा. तो पंचवीसेक सेंटीमीटरच्या आतलं नीट मोजत नाही, त्यामुळे टांगायचा उंचावरच.

डबी कुठे लावायची, ते मुलांनी ठरवून टाकलं होतं: पार्किंगच्या मधल्या खांबावर, जिथे फोनला रेंज चांगली. वॉचमन काकांनी मान हलवली. पाणी आधी मागच्या गटाराच्या जाळीतून वर येतं म्हणाले, खांबापर्यंत पोचतं तेव्हा कोपऱ्यातल्या स्कूटर बुडालेल्या असतात. मुलांनी शिडी उचलली आणि मागच्या भिंतीकडे नेली. तिथे रेंज दोनच काड्या होती.